एमबीए कॉलेज आणि एमआयडीसीचं नातं कसं जमवायचं: कोल्हापूरकडचा अनुभव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातल्या एमबीए कॉलेजात तुम्ही असिस्टंट प्रोफेसर आहात, इंडस्ट्री कनेक्टची जबाबदारी तुमच्याकडं आलीय, कॉलेजचे वीसेक एमओयू (उद्योगांशी सामंजस्य करार) झालेत पण त्यातून काही घडत नाही, उद्योजक गेस्ट लेक्चरला होय म्हणतात आणि ऐनवेळी येत नाहीत, मुलांच्या प्रोजेक्टवर नुसता शिक्का मारून देतात, तर स्थानिक धंदेवाल्यांशी खरी भागीदारी करायची कशी. मी बरीच वर्षं कोल्हापूर-सांगली पट्ट्यात हेच काम करतोय, आधी कारखान्यात अकाउंट्स आणि पर्चेस बघायचो, नंतर मॅनेजमेंट कॉलेजात आलो, त्यामुळे दोन्ही बाजूंची तक्रार मला आतून माहितीये. उत्तर मोठं होणार आहे, सवडीनं वाचा.

सगळ्यात आधी माझं म्हणणं सांगतो. एका मालकाचं, पैशाशी थेट संबंध असलेलं एक छोटं काम घ्या, ते शेवटपर्यंत पूर्ण करा, आणि पुढच्या वर्षी त्याच कारखान्यात परत जा. गेस्ट लेक्चर, इंडस्ट्रियल व्हिजिट, अॅडव्हायजरी बोर्ड, प्लेसमेंट हे सगळं त्याच्यामागून येतं, आणि जिथं हे पहिलं काम झालेलं नसतं तिथं बाकीचं कितीही केलं तरी ते फोटोपुरतंच राहतं.

आपल्याकडं होतं काय, की कॉलेज उद्योजकाकडं जातं ते कायम काहीतरी मागायला. फेब्रुवारीत अॅन्युअल फेस्टला स्पॉन्सरशिप, एप्रिलमध्ये प्रोजेक्टसाठी मुलं घ्या, ऑगस्टमध्ये इंडक्शनला पाहुणे म्हणून या, नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) कमिटी येणार असली की एमओयूवर सही द्या, आणि शेवटी प्लेसमेंट द्या. यातल्या एकाही भेटीत त्याच्या धंद्याबद्दल कोणी विचारलेलं नसतं. दरवर्षी वेगळे सर येतात, नवीन ब्रोशर देतात, आणि तो बिचारा तेच पहिल्यापासून सांगत बसतो की आमच्याकडं ६० कामगार आहेत, आम्ही पंप आणि व्हॉल्व्हचं कास्टिंग करतो. चौथ्यांदा तो सांगत नाही, शिक्का देतो आणि विषय संपवतो. त्याला शिक्षणाची कदर नाही असं समजू नका, त्यातल्या पुष्कळांनी स्वतःची पोरं चांगली शिकवलेली असतात.

आता 'स्थानिक उद्योजक' म्हणून एकच एक गट नसतो हे लक्षात घ्या, कारण इथंच बहुतेक कॉलेजं सगळ्यांना एकच पत्र पाठवून मोकळी होतात. कोल्हापूरचंच घ्या. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, त्या अडत्यांचं जग वेगळं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बनवणारे कारखाने) आणि मशीनशॉप, तीनशेच्या आसपास फाउंड्री धरल्या जातात, त्यांचं वेगळं. उद्यमनगरातले दोन-तीन लेथवर जॉबवर्क करणारे वेगळे. हुपरीचे चांदीवाले, इचलकरंजीचे यंत्रमागधारक, चप्पल लाईनचे दुकानदार आणि त्यांना माल देणारे गावोगावचे कारागीर, प्रत्येकाचा हंगाम वेगळा, हिशेब ठेवायची रीत वेगळी, आणि कुणावर विश्वास ठेवायचा याचे नियमही वेगळे. गुळाच्या अडत्याकडं दिवाळीनंतर सीझन चालू असताना सर्व्हे फॉर्म घेऊन गेलात तर तो तुमच्याशी काय बोलणार? तेच उन्हाळ्यात, हंगाम ओसरला की जा, दोन तास बोलेल.

वेळेचं गणित हे अर्धं काम आहे असं मी म्हणेन. महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पगार आणि टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी (ही दोन्ही जीएसटीची विवरणपत्रं), या तारखांच्या आधीचे दिवस लहान कारखान्यात अकाउंटंटला आणि मालकाला हात लावू नका. मार्च तर सोडूनच द्या. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असंही नाही, पुण्याकडं भोसरी-चाकणला गुरुवारी असते, तेव्हा आपल्या भागातली कधी ते आधी विचारा. आणि दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळचा राउंड झाल्यावर, साधारण साडेअकराच्या पुढं, मालक जरा टेकलेला असतो.

आता पहिलं काम कुठलं घ्यायचं. माझा सल्ला डोळे झाकून एकच असतो, उधारी. कारण हे दुखणं फाउंड्रीवाल्यापासून यंत्रमागवाल्यापर्यंत प्रत्येकाला आहे, त्याला लागणारा डेटा टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) आयता पडलेला असतो, एमबीएच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला ते जमतं, आणि निकाल रुपयांत निघतो. समजा एखाद्या कारखान्याची वर्षाची विक्री ८ कोटी आहे आणि सरासरी ९० दिवसांनी पैसे येतात. म्हणजे कुठल्याही दिवशी जवळजवळ १ कोटी ९७ लाख रुपये ग्राहकांकडं अडकलेले. कॅश क्रेडिटचं (खेळत्या भांडवलासाठीच्या बँक कर्जाचं) व्याज ११ टक्के धरलं तर वर्षाला २१-२२ लाख त्यातच जातात. तेच ९० चे ६० दिवस झाले तर ६५ लाखांच्या आसपास रक्कम मोकळी होते आणि व्याजाचे सातेक लाख वाचतात. मालकाला हे ढोबळमानानं माहिती असतंच, त्याला माहिती नसतं ते कुठला ग्राहक खरंच किती दिवसांनी देतो, कुणाचं पेमेंट क्वालिटीच्या डेबिट नोटमुळे (माल सदोष म्हणून ग्राहकानं कापलेल्या रकमेमुळे) अडतं, कुणाचं आपल्याच बिलावर पीओ (खरेदी ऑर्डरचा) नंबर चुकल्यामुळे अडतं, आणि कोण नुसताच ताणतो. दोन मुलं महिनाभर बसली, बारा महिन्यांची बिलं आणि पावत्या जुळवल्या, की ग्राहकनिहाय खरे दिवस निघतात. एका कारखान्यात असं निघालं की सगळ्यात जास्त रक्कम अडकायचं कारण स्वतःच्याच डिस्पॅचकडून कागद अकाउंट्सला उशिरा येणं हे होतं, ग्राहकाचा त्यात दोषच नव्हता, आणि ते दुरुस्त करायला एक रुपयाही लागला नाही.

याच कामात मुलांना कायदा शिकवता येतो, तोही पुस्तकातून नव्हे तर समोरच्या बिलावर. एमएसएमईडी कायदा २००६ (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) च्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर करारात ठरलेल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सरकारनं २०१७ मध्ये समाधान पोर्टल सुरू केलं. मग २०२३ च्या फायनान्स अॅक्टनं आयकरात ४३बी मध्ये एच हे कलम घातलं, ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, म्हणजे मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. हे सगळं वाचून मुलं उत्साहात म्हणतात, सर, मग तक्रारच करू या की. इथं मालक त्यांना शिकवतो. ज्याच्याकडून आपलं ६० टक्के काम येतं त्याच्यावर तक्रार टाकून पुढच्या महिन्यात ऑर्डर कुठून आणायची? ही चर्चा ज्या वर्गात झाली त्या वर्गाला बार्गेनिंग पॉवर या विषयावर वेगळं लेक्चर लागत नाही. मग मधले रस्ते शोधायचे, उद्यम नंबर (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) बिलावर ठळक छापायचा, करार लेखी करून घ्यायचा, मोठा ग्राहक ट्रेड्सवर (लहान उद्योगांची बिलं वटवण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेवर) आहे का बघायचा. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची झालीये, आधी ही मर्यादा ५०० कोटी होती, आणि तिथं खरेदीदारानं बिल मान्य केलं की बँका बोली लावून ते डिस्काउंट करतात, म्हणजे थोडी रक्कम कापून पैसे आधीच देतात. आमच्या भागातल्या कितीतरी कारखानदारांनी नाव ऐकलेलं असतं पण नोंदणी केलेली नसते, कारण फॉर्म, केवायसी, बोर्ड रिझोल्यूशन याला बसायला माणूस नसतो. तो माणूस म्हणजे तुमचा विद्यार्थी.

एक गोष्ट नीट सांगा मुलांना, की हे फायदे सूक्ष्म आणि लघु उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहेत, मध्यम उद्योगाला ४३बी मधलं हे संरक्षण नाही, आणि नुसत्या व्यापाऱ्याला उद्यमची नोंदणी मिळत असली तरी ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती आहे. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्याही बदलल्यात, यंत्रसामग्रीत २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु. म्हणजे वरचा ८ कोटींचा कारखाना, मशिनरीची गुंतवणूक मर्यादेत असेल तर, कागदावर सूक्ष्म आहे. शिक्षकानं हे अद्ययावत ठेवलंच पाहिजे, कारण जुनी माहिती घेऊन गेलात तर त्यांचा सीए तुम्हाला पहिल्याच भेटीत बाजूला काढेल.

दुसरं काम, विशेषतः फाउंड्रीत, कॉस्टिंगचं. आपल्याकडं कास्टिंग किलोच्या दरानं विकायची जुनी सवय आहे. समजा दर १०० रुपये किलो ठरलाय. दहा किलोची साधी प्लेट आणि दहा किलोचीच, आत तीन कोअर (आतली पोकळी ठेवणारे वाळूचे साचे) असलेली पंपाची बॉडी, दोन्हीला तोच दर किंवा थोडा इकडंतिकडं. धातू आणि वितळवण्याचा खर्च धरा किलोला ६२, दोन्हीला सारखाच. प्लेटचं मोल्डिंग (साचा बनवणं), फेटलिंग (ओतीव भागाची साफसफाई), बाकी सगळं मिळून २४, झाले ८६, चांगलं सुटतंय. बॉडीला त्यावर कोअरचे ९ आणि जादा फेटलिंगचे ५, म्हणजे रिजेक्शन धरायच्या आधीच १०० ला पोचलो. मग मशीनिंग झाल्यावर ब्लोहोल (धातूत हवेमुळे राहिलेलं भोक) निघाला तर मशीनिंगचा खर्चही आपल्याच अंगावर. (आकडे समजायला घेतलेत, तुमच्या भागातले दर वेगळे असतील.) वर्षानुवर्षं तो पार्ट चालू असतो कारण त्याचं टनेज मोठं दिसतं. टनेजवर धंदा मोजायची सवय मोडायची तर पार्टनिहाय आकडे लागतात, आणि ते आकडे असतात शिफ्ट इन्चार्जच्या वहीत, हातानं लिहिलेले. ती वही एक्सेलमध्ये आणायचं काम मुलांचं. पण फक्त तेवढंच करून घेतलं तर ती फुकटची डेटा एंट्री होते, म्हणून पहिल्या दिवशीच मालकाशी ठरवायचं की शेवटी मुलं दहा पार्टचा खर्च मांडतील आणि तुम्ही अर्धा तास बसून तो खोडून काढायचा. खोडून काढतानाच मुलं शिकतात, मालकालाही स्वतःचा अंदाज तपासून मिळतो. विजेचंही असंच, इंडक्शन फर्नेसला टनामागं सहाशेच्या आसपास युनिट लागतात, डिमांड चार्ज (वीजभारावरचा आकार) आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलणारा दर बघून हीट (भट्टीतली एक वितळवणी) कधी लावायची याचा हिशेब मांडता येतो, आणि युरोपला माल पाठवणाऱ्यांकडं आता ग्राहक कार्बनचा हिशेब मागतायत त्यालाही हेच आकडे लागतात.

दार कसं उघडायचं. थेट मालकाच्या केबिनमध्ये जाण्यापेक्षा असोसिएशनच्या ऑफिसात जा. आमच्याकडं शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, फाउंड्रीवाल्यांचा आयआयएफचा (इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचा) चॅप्टर, अशा संस्था आहेत, तुमच्याकडंही एमआयडीसी असेल तर तिथली असोसिएशन असणारच. तिथं अध्यक्षांपेक्षा कार्यालयीन सेक्रेटरीशी ओळख करा, कुठल्या मेंबरला खरंच मदत हवीये आणि कोण फक्त भाषण देईल हे त्याला पाठ असतं. त्यांच्या मीटिंगला मागं बसून ऐका, काही मागू नका, काही विकू नका. दोन-तीन मीटिंगमध्ये तुम्हाला कळेल की लोक कशावर तावातावानं बोलतात. दुसरं दार म्हणजे गावातले सीए, पन्नास-पन्नास कारखान्यांचे हिशेब एकेकाकडं असतात, ते कुणाची माहिती देणार नाहीत आणि मागायचीही नाही, पण क्लायंटला 'या सरांची मुलं बरी आहेत, घेऊन बघा' एवढं एक वाक्य बोलले तरी पुरतं. आणि तिसरं, ज्याकडं आपलं सर्रास दुर्लक्ष होतं, तुमच्याच वर्गात बसलेली धंदेवाल्यांची मुलंमुली. कुणाच्या वडिलांचं मशीनशॉप आहे, कुणाचं सराफी दुकान, कुणाचे बारा माग. त्यांना आपण बाहेरच्या मोठ्या कंपनीत प्रोजेक्टला पाठवतो आणि त्यांच्या घरचा धंदा वर्गात कधी येतच नाही. त्यांच्या घरच्या धंद्यापासून सुरुवात करा. मुलीच्या बाबतीत तर हे मी मुद्दाम करतो, कारण वडिलांनी तिला कारखान्याच्या हिशेबाजवळ कधी बसवलेलंच नसतं, आणि कॉलेजचं प्रोजेक्ट हे निमित्त मिळालं की बसवतात. त्यातल्या काही जणी आज तो धंदा बघतायत याचं मला फार समाधान आहे.

विश्वासाबद्दल जास्त लिहितो कारण बोलणी इथंच फिसकटतात. एकाच गल्लीत दोन प्रतिस्पर्धी कारखाने असतात, त्यांचे ग्राहक सामाईक असतात, आणि तुमच्या वर्गात दुसऱ्याचा पुतण्या असतो. मालकाला भीती असते की माझा किलोचा दर बाहेर जाईल, आणि ती भीती रास्त आहे. म्हणून एका पानाचं साधं मराठी पत्र करा, त्यात लिहा की डेटा कारखान्याच्याच कॉम्प्युटरवर राहील, पेन ड्राइव्ह वापरणार नाही, फोटो काढणार नाही, युनिव्हर्सिटीला जाणाऱ्या रिपोर्टमध्ये कंपनीचं आणि ग्राहकांचं नाव बदललेलं असेल आणि खऱ्या आकड्यांऐवजी निर्देशांक (एक आकडा १०० धरून बाकीचे त्या प्रमाणात) असतील, आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) परीक्षकानं नाव विचारलं तरी विद्यार्थी सांगणार नाही. त्यावर मुलाची, तुमची आणि डायरेक्टरची सही. हे पत्र तुमच्या वीस पानी एमओयूपेक्षा कितीतरी जास्त काम करतं. मग ते पाळा मात्र. एका कॉलेजच्या मुलानं कारखान्यातल्या पार्टसोबत सेल्फी टाकला होता सोशल मीडियावर, तो पार्ट ग्राहकाच्या नवीन मॉडेलचा होता, त्या कारखान्यानं नंतर कित्येक वर्षं कुठल्याच कॉलेजची मुलं घेतली नाहीत. म्हणजे एका कॉलेजच्या ढिलाईचा त्रास सगळ्यांना झाला.

रिपोर्ट दोन करायचे. युनिव्हर्सिटीला लागतो तो ऐंशी पानांचा, स्पायरल बाइंडिंगवाला, तो वेगळा. मालकासाठी दोन पानं, मराठीत, काय सापडलं, किती रुपयांचा प्रश्न आहे, उद्यापासून काय करता येईल. आणि सादरीकरण कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये बुके देऊन नको, कारखान्यातच, सुपरवायझर आणि अकाउंटंट समोर बसलेले असताना करा. अकाउंटंटला सुरुवातीला वाटतं की ही मुलं आपल्या चुका काढायला आलीत, म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या आणि जे सापडेल ते मालकाच्या आधी त्याला दाखवा. हे पाळलं नाही तर पुढच्या वर्षी तुम्हाला डेटा मिळणार नाही, मालकानं होय म्हटलं असलं तरी.

कॅलेंडरची अडचण तुम्हाला येणारच. समर इंटर्नशिप दोन महिन्यांची, त्यातले पहिले दहा दिवस पोरांना गेट पास आणि टॅलीचा पासवर्ड मिळण्यातच जातात, आणि काम रंगात आलं की मुदत संपते. यावर मी एकच तोडगा चालताना बघितलाय, कारखान्याची फाइल शिक्षकाकडं ठेवायची. पहिल्या बॅचनं उधारीचा तक्ता केला, दुसरी बॅच तोच तक्ता पुढं नेते आणि दिवस खरंच कमी झाले का ते बघते, तिसरी बॅच पार्टच्या कॉस्टिंगला हात घालते. मुलं बदलतात, शिक्षक तोच राहतो. ज्या कॉलेजात दर दोन वर्षांनी इंडस्ट्री सेल दुसऱ्याकडं देतात तिथं हे होणं अवघड आहे, म्हणून डायरेक्टरांशी हे आधीच बोलून घ्या, आठवड्यातली एक दुपार टाइमटेबलमधून मोकळी मागा, पेट्रोलचे पैसे मागा. ते नॅकचं विचारतील. त्यांना सांगा की सह्यांची यादी दाखवण्यापेक्षा तीन कारखान्यांतलं सलग तीन वर्षांचं काम कागदोपत्री दाखवता येणं हे कमिटीपुढं जास्त वजनदार आहे. शेजारच्या सीनियर कॉलेजशीही बोला, एनईपीनंतर (नव्या शैक्षणिक धोरणानंतर) एमकॉमला पहिल्या वर्षी ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्ट आलाय, त्यांनाही मुलांना कुठं पाठवायचं हा प्रश्न पडलेला असतो, एकाच कारखान्यावर दोन कॉलेजांनी वेगवेगळं धडकण्यापेक्षा मिळून जाता येतं.

पैशाचं स्पष्ट बोला. पहिलं काम फुकट करा. दुसऱ्या वर्षी मात्र मुलांना स्टायपेंड आणि जाण्यायेण्याचा खर्च मागा, थेट मुलाच्या खात्यात. जो मालक पैसे देतो तो रिपोर्ट वाचतो, आणि मुलाला झेरॉक्स काढायला पाठवत नाही. फेस्टची स्पॉन्सरशिप त्या कारखान्याकडं निदान पहिली दोन वर्षं मागू नका, कल्चरल कमिटीच्या मुलांना तशी यादीच देऊन ठेवा.

प्लेसमेंटबद्दल मालकाशी आणि मुलांशी दोघांशीही खरं बोलावं लागतं. लहान कारखाना पुण्यातल्या कंपनीएवढा पगार देऊ शकत नाही, आणि कर्ज काढून एमबीए केलेल्या मुलाला आम्ही 'गावातच राहा' म्हणून भावनिक करणं मला पटत नाही. पण ज्याचं घर, शेती इथंच आहे, ज्याला पुण्यात खोलीभाडं, मेस आणि येण्याजाण्यात निम्मा पगार घालवायचा नाहीये, त्याच्यासमोर दोन्हीचा हिशेब मांडा आणि त्याला ठरवू द्या. ज्या कारखान्यात मुलानं प्रोजेक्ट केलंय तिथं मालक त्याला जास्त पगार द्यायला तयार होतो असं मी वारंवार बघितलंय, कारण त्याला माणूस माहितीचा झालेला असतो.

कारागिरांच्या बाबतीत वेगळं वागावं लागतं. कोल्हापुरी चप्पलला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर मिळून आठ जिल्ह्यांना. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता दिसल्या, इकडं ओरड झाली, महाराष्ट्र चेंबरनं (व्यापार-उद्योगांच्या संघटनेनं) पत्र लिहिलं, कंपनीनं प्रेरणा कुठली ते मान्य केलं आणि जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. त्या दिवसांत कितीतरी मॅनेजमेंट कॉलेजांना चपलेवर केस स्टडी, ब्रँडिंग स्पर्धा, लोगो स्पर्धा घ्यायची होती. त्यातून कारागिराला काय मिळतं? त्याचे प्रश्न साधे आणि अवघड आहेत. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं किती भावानं आणि किती दिवसांनी मिळतं, वेणी घालणाऱ्या घरातल्या बाईचे तास कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत, दुकानदाराकडं माल उधारीवर जातो, आणि जीआय असला तरी त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी किती जणांनी केलीये. मुलांनी एका गावात जाऊन दहा घरांचा जोडीमागचा खरा खर्च, बाईचे तास धरून, मांडला आणि इच्छा असेल त्यांचे नोंदणीचे फॉर्म भरून दिले तर ते काम लोगोपेक्षा मोलाचं आहे. इथं डेटा टॅलीत नसतो, चहा पिता पिता बोलण्यात असतो, त्यामुळे मुलं मराठी नीट ऐकणारी निवडा, आणि त्यांच्या मजुरीचा दिवस आपण मोडत नाही ना हे बघा. मोडावा लागला तर भरपाई द्या.

गेस्ट लेक्चरच्या ऐवजी एक उलटी गोष्ट करून बघा. कारखान्यातल्या सुपरवायझर आणि स्टोअरवाल्यांना कॉलेजात बोलवा, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तीन तास, चार-पाच आठवडे, मराठीत, एक्सेल आणि साधं कॉस्टिंग. आयटीआय करून वीस वर्षं शॉपवर काढलेला माणूस स्वतःच्या रिजेक्शनचा चार्ट स्वतः काढतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि मालकाला कॉलेजचा उपयोग तिथं पहिल्यांदा दिसतो. लॅब रविवारी उघडायला प्राचार्य कुरकुरतील, लॅब असिस्टंटला बदली रजा द्या. याच सुपरवायझरांपैकी दोघांना, एका सीएला आणि एका माजी विद्यार्थ्याला तुमच्या अॅडव्हायजरी बोर्डावर घ्या, मोठ्या नावांचे बोर्ड वर्षातून एकदा जेवायला जमतात.

तुम्ही विचारलंय की आधीच्या वीस एमओयूंचं काय करायचं. सगळे काढून बसा, त्यातले जे तुमच्या कॉलेजपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत तेवढे वेगळे करा, त्यातून तीनच निवडा, शक्यतो एक उत्पादक, एक व्यापारी आणि एक विद्यार्थ्याच्या घरचा. बाकीच्यांना आत्ता त्रास देऊ नका, मुदत संपली की संपू द्या. निवडलेल्या तिघांकडं दिवाळीनंतर, २० तारीख उलटून गेली की, एकटे जा, ब्रोशर नको, आणि उधारीचं काम सांगून वरचं एका पानाचं पत्र दाखवा. तिघांपैकी एकानं होय म्हटलं तरी या वर्षाला पुरेसं आहे, टॅली येणारी दोन मुलं घेऊन त्याच्याकडूनच सुरुवात करा.